आरव्याचं गाव

११ नोव्हेंबर १९८६

शिवादादा,

रविवारी चांगुणाआजीने भर सिनेमात मला एक प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आज मंगळवार, अजूनही येत नाही. एस.टी.त विचार केला, शाळेत वह्या तपासताना केला. शेवटी वाटलं, हे माहीत असेल तर तुलाच. म्हणून तीन वर्षांनी हे पत्र.

आरव्याचं गाव कुठे गेलं?

कोण आरव्या, असं तू विचारणार नाहीस. त्याला हे नाव तूच दिलंस. इंग्रजी सिनेमात त्याचं नाव काही वेगळंच होतं. पण जे अंगावर येईल त्याच्या आडवा उभा राहून दोन हातांनी ते थांबवतो तो आडव्या, आणि आपल्या बोलीत आरव्या. गावातली लहान पोरं अजून बैलासमोर हात पसरून उभी राहतात आणि आयांचा मार खातात.

तर त्या सिनेमाचा दुसरा भाग आला. मुंबईत तो केव्हाच लागून गेला. मी वाशीच्या ज्या शाळेत शिकवते (आई कोणाकडून तरी तुला जी पत्रं लिहून घेते, त्यांतून तुला कळलंच असेल), तिथल्या निम्म्या वर्गाने पाहिलाय. आपल्याकडे तो नंदकुमार घेऊन आला, पनवेलचा व्हिडिओवाला, टीव्हीला तीच निळी गोधडी गुंडाळून. खेळ त्याच जागी, मिठाच्या रिकाम्या कोठारात. मिठागर बंद होऊन इतकी वर्षं झाली, पण भिंतीला पाठ टेकली की अजून पाठीला मीठ लागतं. दुपारी बाराला दारावर गोणपाट टांगलं की आत काळोख.

नंदकुमार म्हणाला, "हिंदी कॅसेट नाय भेटली, इंग्लिशच हाय. पन तुमच्याकडे सांगनारा हाय ना?"

मग कान्हाकाका म्हणाला, "सांगनारा गेला बोटीवर. आता सांगनारी हाय. बी.ए."

दादा, मी नाही म्हणणार होते. पण तुझी काठी, मीठ ओढायच्या फावड्याचा तो दांडा, जो धरून तू टीव्हीवरचे इंग्रजी सिनेमे आपल्या बोलीत सांगायचास, अजून कोठाराच्या कोपऱ्यात उभी होती. कोणी जाळली नाही, कोणी नेली नाही. ती हातात घेतली आणि टीव्हीच्या बाजूला उभी राहिले.

दुसऱ्या भागात आरव्या एका मोठ्या शहरात राहतो. उंच इमारती, काचेची दारं. पहिल्याच प्रसंगात तो धावती आगगाडी थांबवतो, मग पूल, मग विमान. अर्धा तास झाला असेल. चांगुणाआजी पुढच्या रांगेत, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पोरी, याचा गाव कय हाय?"

मी म्हटलं, "आजी, हा आता शहरात राहतो."

"ता दिसतंय मना. पैल्या भागान यानं गाव वाचवला. तो गाव कय गेला?"

"दुसऱ्या भागात गाव दाखवलेलं नाही."

"दाखवला नाय म्हंजे? हुता ना तो?"

"होता."

"मग कय गेला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं कोणी तरी हसेल. कोणीच हसलं नाही. खाडीपलीकडे आपली जी शेतं होती तिथे आता सरकारने नव्या शहरासाठी मोजणीचे दगड पुरलेत, द्रोणागिरीच्या डोंगरापर्यंत. बहुतेक म्हणूनच नसतील हसले.

तेवढ्यात वीज गेली. नंदकुमारला संध्याकाळी दुसऱ्या गावात बारशाला टीव्ही लावायचा होता, तो सामान बांधून निघाला. खेळ अर्धाच राहिला.

आई बरी आहे. विशाखापट्टणमच्या बंदरातला गाळ काढायला तुमचा ड्रेजर अजून किती दिवस आहे ते कळव. आणखी एक गोष्ट लिहायची होती, पण इनलँडची जागा संपली.

पुतळा

*

३० नोव्हेंबर १९८६

शिवादादा,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघते आहे असं समजू नकोस. म्हणजे, बघते आहे.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. मुलांना फळ्यावर "नेहमी खरे बोलावे" लिहून देते आणि घरी येऊन भावाला खोटं लिहिते, हे मला तीन आठवडे टोचत होतं. इनलँडची जागा संपली नव्हती, चार बोटं कोरी होती. आणि वीज गेली नव्हती.

लोक उठून गेले, दादा.

मी चुकीचं सांगत होते म्हणून नाही. या वेळी मला सगळं कळत होतं. एकेक वाक्य मी बरोबर सांगितलं. आरव्या एका मोठ्या साहेबाला म्हणतो ते मी सांगितलं, "तो म्हणतो, या परिस्थितीची जबाबदारी माझ्यावर आहे."

कान्हाकाकाने विचारलं, "परिस्थिती कोन? नवा दुश्मन काय?"

बायका हसल्या. मी समजावलं. तेवढ्यात पुढची तीन वाक्यं निघून गेली, मी धापा टाकत त्यांच्या मागे. चांगुणाआजीच्या प्रश्नानंतर तर एक-एक जण गोणपाट बाजूला करून बाहेर पडायला लागला आणि आत उजेडाच्या पट्ट्या यायला लागल्या. शेवटी टीव्हीवर काही दिसेना. जाताना कान्हाकाकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "वाईट नको वाटून घेव, बाई. तुजा इंग्रजी बरोबर हाय. सिनेमा चुकला."

मला ते पटलं नाही. सिनेमा चुकतो म्हणजे काय? म्हणून पुढच्या रविवारी मी पनवेलला नंदकुमारच्या दुकानात गेले. म्हटलं, मला हा सिनेमा शेवटपर्यंत बघायचाय, नीट, वही घेऊन. तो म्हणाला, "मॅडम, सिनेमा बघायला वही लागते हे मी पयल्यांदा बघतोय." पण त्याने टीव्ही लावून दिला आणि स्टूल पुसून दिलं.

तू असतास तर आपण बांधावर बसून यावर भांडलो असतो. आता एकटीच लिहिते.

आधी चांगलं सांगते. पहिल्या भागातलं पाणी हौदातलं होतं, आता वहीवाल्या नजरेने बघितलं की कळतं. दुसऱ्या भागात सगळं खरं वाटतं. आगगाडी थांबते तेव्हा रूळ वाकतात, त्याच्या टाचा जमिनीत जातात. आणि एक प्रसंग इतका चांगला आहे की मी नंदकुमारला तो परत लावायला सांगितला. एका इमारतीची लिफ्ट तुटते. आत एक म्हातारा लिफ्टमन. आरव्या वरून दोर धरून उभा. खालून म्हातारा विचारतो, कोण आहे वर? हा म्हणतो, मी आहे. मग मदत येईपर्यंत दोघं बोलत बसतात, मुलीच्या लग्नाबद्दल, दुखणाऱ्या दाताबद्दल. चार मिनिटं काही फुटत नाही, काही पेटत नाही. नंदकुमार म्हणाला, "हितं सगळी पब्लिक बिडी प्यायला उठते." मी म्हटलं, आमच्याकडची उठली नसती.

दुसरा प्रसंग त्याहून मोठा. शहरात लोकांचा एक मोर्चा निघतो. साधी माणसं, बायका, कडेवर मुलं. साहेबलोक आरव्याला म्हणतात, यांना थांबव. तो रस्त्यात आडवा उभा राहतो, हात पसरतो. लोक जवळ येतात. आणि तो हात खाली घेतो. बाजूला होतो. लोक त्याच्या अंगाला घासून पुढे जातात, कोणी त्याच्याकडे बघतही नाही. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत जासईला जमिनीसाठी निघालेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर आपल्या गावात हा प्रसंग कोणाला समजावून सांगावा लागला नसता. तू तेव्हा इथे नव्हतास. आई आणि मी रस्त्यावर होतो.

आता वाईट. दुश्मन तीन आहेत आणि तिघेही एकसारखेच हसतात. ते शहर का मोडतात ते त्यांनाही माहीत नाही. इमारती पडतात पण त्यांत कोणी राहत होतं असं वाटत नाही. कोणाची दोरीवर वाळत घातलेली साडी नाही, कोणाचा तवा नाही. आठवीच्या वर्गात मी विचारलं तर मुलं म्हणाली, बाई, पहिल्यापेक्षा यात मारामारी तिप्पट आहे. हे ती कौतुक म्हणून सांगत होती.

पण मला सगळ्यात खटकलं ते वेगळं. दुसऱ्या भागात तो थकत नाही. पहिल्या भागात फुटलेल्या धरणाचं पाणी अडवल्यावर तो चिखलात बसून राहतो, आठवतं? हात उचलत नाहीत. दुसऱ्या भागात विमान थांबवून तो केस नीट करतो. ज्याला काही जड नाही त्याने काय उचललं आणि काय नाही, मला काय त्याचं?

हे मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग वाटलं, हे दादाला एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि लोकांना समजलंही असतं.

अजून ती एक गोष्ट लिहिली नाहीच. पुढच्या वेळी.

पुतळा

*

४ जानेवारी १९८७

दादा,

तुझं पत्र आलं. आईला आलं. नेहमीसारखं, "मी खुशाल आहे, पाय दुखतात का, शेजारच्यांना विचारलं म्हणून सांग." मी ते आईला वाचून दाखवत होते आणि शेवटच्या ओळीला थांबले.

"पुतलाला इचार, दुसऱ्या भागान त्याची आय कय हाय."

आई म्हणाली, "थांबलीस कनाला? वाच." मी वाचलं. तिने भाकरी उलटवली आणि म्हणाली, "मग सांग त्याला. तुलाच इचारलाय."

तीन वर्षं सात महिन्यांनी तू मला काहीतरी विचारलंस. आईच्या हातून का होईना. त्या दिवशी मी शाळेत कोणावर रागावले नाही.

उत्तर हे आहे: त्याची आई दुसऱ्या भागात फोटोत आहे. भिंतीवर एक चौकट, एकदा दिसते. मेली की जिवंत आहे, तेही सांगत नाहीत. हे मी आईला सांगितलं. मग ती चुलीतलं लाकूड मागे ओढून म्हणाली, "तुला म्हायती हाय, शिवा त्या पैल्या भागाच्या दिशी काय सांगत हुता?"

मी म्हटलं, "सिनेमा."

"सिनेमा नाय. तुज्या बापसाची गोस्ट सांगत हुता तो."

दादा, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तू सांगितलं नाहीस. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची, मला त्यांचा चेहराही नीट आठवत नाही. आईने चुलीसमोर बसून सगळं सांगितलं. भाद्रपदातलं भर दुपारचं उधाण, बाहेरच्या बांधाला पडलेलं खिंडार, खारं पाणी भातात घुसायला लागलेलं. गाव सगळं चिखल टाकत होतं आणि पाणी चिखल खात होतं. आई मला पोटात घेऊन, आठव्या महिन्यात, टोपल्या वाहत होती. बाबा त्या खिंडारात उतरले, फळी आडवी धरली आणि फळीला पाठ लावून उभे राहिले. आणि आईला म्हणाले, "मी हाय हितं. तू बस आता." ओहोटी लागेपर्यंत उभे होते. मग त्यांना बांधावर ओढून घेतलं तर हात वळेनात, चहाचा कप धरता येईना. तू सहा वर्षांचा होतास. कप त्यांच्या तोंडाला तू लावलास.

आता मे त्र्याऐंशी. तू कोठारात काठी घेऊन उभा. टीव्हीवर पूर, आरव्या पाण्यात आडवा, काठावर त्याची आई, तो ओरडून काहीतरी म्हणतो. आणि तू सांगितलंस, "तो बोलतो, आय, मी हाय हितं. तू बस आता." बायकांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला. आज कळलं, ती आपली आई होती.

आणि मी उठले. एस.वाय.बी.ए. "दादा, तो तसं बोलत नाही. तो म्हणतो, आई, दोर आण."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "मास्तरीनबाई, मग तूच सांग." तू ती काठी माझ्या हातात दिलीस आणि मागे जाऊन बसलास. पुढच्या महिन्यात ड्रेजरवर खलाशी म्हणून गेलास, आणि सगळे म्हणाले, बरं झालं, पर्मनंट नोकरी. सायकलवर बसवून मला रोज एस.टी.पर्यंत कोण सोडतं आता, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

ती एक गोष्ट आता लिहिते. नंदकुमारच्या दुकानात मी पहिल्या भागाची कॅसेटही लावायला सांगितली. तो प्रसंग पाहिला. वाक्य मी बरोबरच सांगितलं होतं. तो "दोर आण" असंच म्हणतो. पण त्याचं तोंड बघितलं तर, दादा, तो "तू बस" म्हणतोय. मला तेव्हा कान होते, डोळे नव्हते.

आणि एवढंच नाही. काठी हातात आल्यावर मी पुढचं सगळं सांगितलं, आठवतं? लोकांना वाटलं, बघा, शिकलेली पोर कशी घडाघडा सांगते. खरं हे की मला तिसरा हिस्साही कळत नव्हता. त्यांचे उच्चार आमच्या कॉलेजच्या सरांसारखे नव्हते. मी घाबरले होते आणि पुस्तकी मराठीत मनाने वाक्यं ठोकून देत होते. पूर ओसरल्यावर तो चिखलात बसतो, आई त्याच्या तोंडाला कप लावते, तिथे मी सांगितलं, "तो म्हणतो, कॉफी गरम आहे."

मी रिवाइंड करून तो प्रसंग तीनदा पाहिला. तिथे तो काहीच बोलत नाही. ओठ हलत नाहीत. ते वाक्य मी बनवलं. ज्याने बाबांच्या तोंडाला कप लावला होता तो मागे भिंतीला टेकून बसलेला असताना मी ते वाक्य बनवलं. तू जे केलंस म्हणून मी तुला सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलं, तेच दोन मिनिटांनी मी केलं, आणि तुझ्या इतकं चांगलंही केलं नाही.

माफ कर असं लिहिणार होते. पण ते शब्द लिहून बघितले तर "परिस्थितीची जबाबदारी" सारखे दिसायला लागले. खोडले. खाली दिसतील बघ, शाई पसरली आहे.

तुझी,
पुतळा

*

१५ फेब्रुवारी १९८७

दादा,

उत्तर येण्याआधीच लिहिते, कारण काल गावात जे झालं ते कान्हाकाका तुला कोणाच्या तरी हातून स्वतःच्या पद्धतीने कळवणार, आणि त्याच्या पद्धतीत मी काठीने नंदकुमारला मारलं असंही निघेल.

माघातली आपली जत्रा झाली. पालखी देवळात परत आल्यावर लोक म्हणाले, काहीतरी करमणूक पाहिजे. मी म्हटलं, आरव्याचा दुसरा भाग अर्धा राहिलाय. चांगुणाआजी म्हणाली, "जलला तो सिनेमा. त्यान गाव नाय, आय नाय." मी म्हटलं, "आजी, या वेळी मी वेगळं सांगते. बघ तर खरी."

दुपारी कोठार भरलं. नंदकुमार कॅसेट घालायला वाकला, मी त्याला थांबवलं आणि काठी घेऊन पुढे उभी राहिले. मी म्हटलं, "चार वर्षांपूर्वी इथे दादा सांगत होता आणि मी मधे उठून त्याला चूक म्हटलं. माझं एकच वाक्य बरोबर होतं. पुढच्या सगळ्या मी थापा मारल्या. मला इंग्रजी कळत नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं."

मला वाटलं, आता हसतील, आणि हसले तर बरं होईल.

कान्हाकाका म्हणाला, "आमाला तवाच समजला हुता, बाई. एवरा पूर येऊन गेला, नि तो बोलतंय कॉफी गरम हाय. कॉफी पिनारी मानसा हाव काय आमी?"

मग हसले. आई सगळ्यांत जास्त हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. दादा, तू ते ऐकायला हवं होतंस.

मी नंदकुमारला आवाज अगदी बारीक करायला सांगितला आणि सांगायला लागले. बोलीत. मला वाटलं होतं कॉलेजात ती माझ्या तोंडातून गेली, पण होती. तू जिथे सोडलं होतंस तिथून धरलं. त्याची आय गावात हाय, होडी चालवतेय, भिंतीवरचा फोटो त्याला एकटं वाटू नये म्हणून तिनेच दिलाय. तो शहरात का आला? कामाला आला, जसा कोणीही जातो. तीन दुश्मनांचं काय करायचं ते मला सुचेना, म्हणून मी सांगितलं, हे मोजणीवाले हाईत. कोठार दणाणलं. विमान थांबवून तो केस नीट करतो तिथे मी सांगितलं, त्याचा हात थरथरतंय, तो लपवतोय. आणि खरंच सांगते, तसं सांगितल्यावर त्याचा हात थरथरताना दिसला. पुढे बसलेल्या बायकांनाही दिसला.

लिफ्टच्या प्रसंगात कोणी उठलं नाही. म्हाताऱ्याने खालून विचारलं, वर कोन हाय? मी काही म्हणायच्या आत दोन-चार जण एकदमच म्हणाले, "मी हाय हितं." माझं वाक्य मी सोडून दिलं.

मग मोर्चा. आरव्या रस्त्यात आडवा, हात पसरलेले. लोक जवळ येत होते. मी काठी खाली टेकवली आणि काहीच सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्याने हात खाली घेतले. कोठारात एवढी माणसं, पण दाराचं गोणपाट वाऱ्याने हलत होतं त्याचा आवाज येत होता.

आणि तिथे मी नंदकुमारला म्हटलं, "बंद कर."

"मॅडम, अजून वीस मिनिटं हाईत. खरी फायटिंग आता हाय."

"बंद कर म्हटलं ना."

टीव्ही काळा झाल्यावर जो गलका झाला तो मी तुला लिहून सांगू शकत नाही. मी काठी परत कोपऱ्यात उभी केली आणि म्हटलं, "पुढचं माझा दादा सांगेल. तो येईल तेव्हा."

"नि तो आलाच नाय तर?" कान्हाकाकाने विचारलं.

"तर नाही कळणार."

"आन गाव कय गेला, ता?" चांगुणाआजी.

"तेही तोच सांगेल, आजी."

आजी उठली, गुडघ्यावर हात ठेवून. "मग त्याला लवकर कागद घाल. मी काय तिसऱ्या भागापर्यंत बसलेली नाय."

दादा, शेवटी काय होतं ते मला माहीत आहे. मी पाहिलंय, वहीत लिहिलंय. तुला सांगणार नाही. तुला माहीत नसतं तेव्हा तू जास्त चांगलं सांगतोस. शेवट मला तसा फारसा आवडलाही नाही. तुझ्या हातून कदाचित नीट होईल.

ये असं मी म्हणत नाही. तुझी बोट, तुझी सुट्टी, तुझा राग, तिन्हींवर माझा हक्क नाही. फक्त एवढं कळवते की गावातली एकूणएक माणसं आता येता-जाता आईला विचारतात, शिवा कई येतंय. आई सांगते, शिमग्याला बघू. कोणाला विचारून सांगते, देव जाणे.

नंदकुमार टेम्पोत सामान भरत होता तेव्हा मी त्याच्याकडून कॅसेट मागून घेतली. तो म्हणाला, "मॅडम, ही धंद्याची वस्तू हाय." त्याची मुलगी सातवीत आहे आणि इंग्रजीत नापास होते. ठरलं असं की कॅसेट माझ्याकडे राहील तोवर दर रविवारी मी पनवेलला जाऊन तिला शिकवीन. आज पहिला रविवार होता, शिकवून आले. हुशार आहे पोरगी, फक्त चुकायला घाबरते. तिला म्हटलं, खुशाल चूक, मग मी आहे.

कॅसेट जाड कापडात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, खारी हवा लागू नये म्हणून. रिवाइंड केलेली नाही. त्याने जिथे हात खाली घेतले, तिथेच ती थांबलेली आहे.

तुझी,
पुतळा